वरातीमागून स्कॅनर

शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन कोड क्वालिटीवर लिहायला बसणाऱ्या माणसाची कीव करायची की काळजी, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण विषय डोक्यात बरेच दिवस घोळतोय, म्हणून आज लिहूनच टाकतो.

हल्ली जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टच्या पाइपलाइनमध्ये 'कोड स्कॅन' नावाचा एक टप्पा असतो. क्लायंटला दाखवायच्या स्लाइडवर त्याचा चौकोन असतो, डॅशबोर्डवर रंगीत गोळे असतात. आणि बहुतेक टीममध्ये त्या गोळ्यांकडे कुणीही ढुंकून बघत नाही. देव्हाऱ्यातल्या एखाद्या देवाला रोज हळदकुंकू मिळतं, पण नवस कुणी बोलत नाही, तसं काहीसं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. बिल्ड थांबवायची ताकद नसलेला स्कॅन निव्वळ शोभेचा असतो. दहा वर्षांच्या जुन्या पापांसाठी आजचा बिल्ड थांबवणारा स्कॅन त्याहून वाईट, कारण तो दोन आठवड्यांत कुणीतरी बंद करतं. आणि स्कॅनचे आकडे ज्या दिवशी अप्रेझलच्या फॉर्ममध्ये जातात, त्या दिवशी ते खोटे व्हायला लागतात.

आता जरा सविस्तर.

हे खूळ आलं कुठून?

यंत्राकडून कोड वाचून घ्यायची कल्पना आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठी आहे. बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेसाठी 'लिंट' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले कापसाचे बारीक तंतू. कपडा फाटलेला नसतो, पण झटकून घेतला तर बरा दिसतो. कंपायलर ज्याला 'चालेल' म्हणतो, पण अनुभवी माणूस बघून भुवया उंचावतो, अशा जागा लिंट दाखवायचा. आजचे ईएसलिंट, स्पॉटबग्ज, सोनारक्यूब हे सगळे त्याच घराण्यातले.

आता तुम्ही म्हणाल, कपडे झटकण्यासाठी एवढा आटापिटा कशाला? त्याचं उत्तर फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने दिलं, अर्थात इच्छा नसताना. सुरक्षित कनेक्शन जोडताना सर्व्हरची सही तपासणाऱ्या त्यांच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली होती. पहिली ओळ इफच्या खाली होती. दुसरीचं इंडेंटेशन तसंच असलं तरी ती इफच्या बाहेर होती, म्हणजे ती कायम चालायची. परिणाम असा की खरी तपासणी करणारा पुढचा कोड कधी चाललाच नाही, आणि एररची किंमत शून्य असल्यामुळे फंक्शन 'सगळं ठीक आहे' म्हणून परत यायचं. मधल्या मध्ये बसून तुमचा संवाद ऐकणाऱ्याला रान मोकळं! आयफोनसाठी २१ फेब्रुवारीला दुरुस्ती आली, मॅकसाठी आणखी चार दिवसांनी.

गंमत बघा, हा कोड माणसाच्या डोळ्याला अगदी सरळ दिसतो. दोन सारख्या ओळी, नीट रांगेत. डोळा घसरतोच. पण 'या ओळीच्या पुढचा कोड कधीच चालणार नाही' हे यंत्राला क्षणात कळतं. क्लँग कंपायलरमध्ये तशी वॉर्निंग तेव्हाही होती. फक्त ती वेगळी चालू करावी लागायची; नावात 'ऑल' असलेल्या सर्वसाधारण पर्यायात ती येत नव्हती. पुढे २०१६ मध्ये जीसीसी ६ ने फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग आणली आणि ती त्या 'ऑल'मध्येच घातली.

म्हणजे साधन हाताशी होतं, अडलं ते जोडणीत. आपल्या प्रोजेक्टमध्येही नेमकं इथेच अडतं.

नेहमीची पद्धत

आपल्याकडे स्कॅन कसा बसवतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. वरून मेल येतो: 'या क्वार्टरमध्ये सर्व प्रोजेक्ट्सवर कोड क्वालिटी स्कॅन हवा.' टीममधल्या त्यातल्या त्यात मोकळ्या माणसावर, म्हणजे सहसा सगळ्यात नव्या पोरावर, काम पडतं. तो बिचारा दोन दिवस सर्व्हर उभा करतो, सगळे नियम चालू ठेवतो, सगळ्या कोडवर स्कॅन सोडतो. आणि पडद्यावर पाच आकडी इश्यूंची यादी उमटते.

पुढचं नाटक ठरलेलं. एक मीटिंग होते. एक्सेल शीट तयार होते. 'दर स्प्रिंटला थोडे थोडे कमी करू' असं ठरतं. पहिल्या स्प्रिंटला न वापरलेले इम्पोर्ट काढले जातात, आलेख खाली जातो, टाळ्या. दुसऱ्या स्प्रिंटला रिलीज असतं. तिसऱ्या स्प्रिंटपासून शीट कुणी उघडत नाही. लांडगा आला रे आला असं रोज हजार वेळा ओरडणाऱ्या पोराचं गावकरी किती दिवस ऐकणार?

हे फक्त आपल्याच आळशीपणामुळे होतं असं समजू नका. गूगलने मे २००९ मध्ये फाइंडबग्ज या साधनाच्या वॉर्निंग तपासायला कंपनीभर एक खास आठवडा काढला होता. तिथल्या इंजिनिअरांनीच २०१८ साली लिहिलेल्या लेखात त्याचा हिशोब दिलाय. एकूण ९,४७३ वॉर्निंगपैकी ३,९५४ लोकांनी बघितल्या, १,७४६ बग रीतसर नोंदवले गेले, आणि प्रत्यक्षात दुरुस्त झाले फक्त ६४०. इतकी हुशार मंडळी, इतका उत्साह, आणि तरी बघितलेल्यांपैकी जेमतेम १६ टक्के!

फेसबुकचा अनुभव तर आणखी बोलका आहे. इन्फर नावाचं त्यांचं साधन सुरुवातीला रात्री सगळ्या कोडवर चालायचं आणि सापडलेल्या चुकांची यादी इंजिनिअरांना वाटली जायची. त्यातल्या किती दुरुस्त झाल्या? जवळजवळ शून्य. मग तेच विश्लेषण त्यांनी बदल रिव्ह्यूला येतो त्या क्षणी चालवायला सुरुवात केली. दुरुस्तीचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेलं. फरक होता तो फक्त वेळेचा.

कोड लिहिताना तो डोक्यात ताजा असतो. त्याच वेळी कुणी सांगितलं की 'अरे, इथे नल येऊ शकतो', तर पाच मिनिटांत काम होतं. तीच गोष्ट तीन महिन्यांनी, दुसऱ्याच मोड्यूलमध्ये मान घालून बसलेल्या माणसाला सांगितली, तर त्याला आधी तो कोड आठवायला हवा, मग वातावरण उभं करायला हवं, मग क्यूएला विनवायला हवं. मर्ज झाल्यावर रात्री चालणारा स्कॅन म्हणजे वरातीमागून घोडं. घोडं कितीही उमदं असलं तरी नवरदेव केव्हाच मांडवात पोचलेला असतो.

मग करायचं काय?

माझ्या मते चार गोष्टी.

पहिली, जुन्या कोडवर पांघरूण घाला आणि फक्त नव्या ओळींवर नियम लावा. सोनारक्यूबमध्ये हे आयतं मिळतं. त्यातला मूळचा क्वालिटी गेट नव्या कोडकडेच बघतो: नवा इश्यू नको, नव्या ओळींवर ८० टक्के टेस्ट कव्हरेज हवं, डुप्लिकेशन ३ टक्क्यांच्या आत हवं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने संशयास्पद जागा कुणीतरी डोळ्यांखालून घातलेल्या हव्यात. बदल २० ओळींपेक्षा लहान असेल तर कव्हरेज आणि डुप्लिकेशनची अट मूळ सेटिंगमध्ये सोडून दिलेली असते, हेही शहाणपणाचंच.

'म्हणजे जुनी घाण तशीच राहणार?' राहणार, काही दिवस. पण जो कोड बदलतो तो हळूहळू स्वच्छ होत जातो, आणि जो वर्षानुवर्षं कुणी शिवलेला नाही तो बहुधा बरा चाललाय. त्याला उगाच हात लावून नवे बग आणण्यात काय हशील आहे? अपवाद एकच, सुरक्षेचा. इंजेक्शनसारखं भगदाड किंवा कोडमध्ये लिहून ठेवलेला पासवर्ड सापडला तर तो जुना आहे म्हणून माफ नाही. तेवढी यादी वेगळी काढा आणि आधी संपवा.

दुसरी, नियम थोडे ठेवा. टूलवाले देतात म्हणून सगळे नियम चालू करणं म्हणजे लग्नाच्या जेवणात ताटात आलेलं सगळं संपवण्याचा हट्ट. प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारा: 'यासाठी मी शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड अडवीन का?' उत्तर 'हो' असेल तर तो गेटमध्ये, नाहीतर बाहेर. स्वल्पविरामानंतरची स्पेस, कंस कुठल्या ओळीवर, हे सगळं फॉरमॅटरवर सोपवा. तो मुकाट्याने दुरुस्त करतो, भांडत नाही.

तिसरी, गेट खरोखर अडवू दे. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाची गोष्ट इथे आठवते. इचलकरंजी किंवा मालेगावच्या माणसाला माग म्हणजे काय हे सांगायला नकोच. या मागाचं वैशिष्ट्य असं की धागा तुटला की तो आपणहून थांबायचा. त्यामुळे सदोष कापड वारेमाप निघत नसे आणि एक माणूस बऱ्याच मागांवर लक्ष ठेवू शके. पुढे टोयोटाच्या कारखान्यात चूक दिसली की लाइन थांबवायची जी पद्धत आली, तिचं मूळ या मागात आहे. धागा तुटल्यावर 'नोंद घेतली' असा मेल पाठवून विणतच राहणारा माग तुम्ही विकत घ्याल का?

चौथी, सुटकेचा दरवाजा ठेवा, पण त्यावर नाव लिहायला लावा. यंत्र चुकतंच. कधीकधी ते धडधडीत बरोबर कोडला नावं ठेवतं. अशा वेळी वॉर्निंग दाबायची सोय हवी, पण शेजारी एका ओळीत कारण हवं आणि ते रिव्ह्यूमध्ये दुसऱ्याने वाचलेलं हवं. एखादा नियम वारंवार दाबला जातोय असं दिसलं तर नियमच काढून टाका. कव्हेरिटी हे साधन बनवणाऱ्यांनी २०१० साली आपले अनुभव लिहिले होते. खोट्या वॉर्निंगचं प्रमाण ३० टक्क्यांच्या पुढे गेलं की लोक साधनाकडे दुर्लक्ष करायला लागतात, आणि मग खऱ्या वॉर्निंगही खोट्यांच्या गर्दीत बुडतात, असं त्यांनी नोंदवलंय.

जोडणीतल्या खाचाखोचा

मतं मांडणं सोपं असतं, म्हणून थोडं कामाचंही सांगतो. सोनारक्यूब जोडताना हमखास ठेच लागते अशा या जागा.

क्रम नीट लावा: आधी कंपाइल, मग टेस्ट, मग स्कॅन. जावासाठी स्कॅनरला कंपाइल झालेले क्लासेस लागतात. कव्हरेज तो स्वतः मोजत नाही. जाकोकोसारख्या साधनाने तयार केलेला रिपोर्ट तो फक्त वाचतो. पाथ चुकला की टेस्ट शंभर असल्या तरी कव्हरेज शून्य दिसतं, आणि मग अर्धा दिवस टेस्टना शिव्या घालण्यात जातो.

गिटचा पूर्ण इतिहास घ्या. कुठली ओळ कधी लिहिली हे स्कॅनर गिट ब्लेमवरून ओळखतो. गिटहब ॲक्शन्सचा चेकआउट मात्र मुळात फक्त शेवटचं कमिट आणतो. इतिहासच नाही तर नवं काय आणि जुनं काय, हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं? डेप्थ शून्य करा, म्हणजे सगळा इतिहास येतो.

निकालाची वाट बघा. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. स्कॅनर रिपोर्ट सर्व्हरकडे पाठवतो आणि 'माझं काम झालं' म्हणून हिरवा होतो. गेटचा निकाल सर्व्हरवर मागाहून लागतो. पाइपलाइनला थांबायला सांगितलं नसेल तर गेट नापास आणि बिल्ड पास, असा चमत्कार रोज घडतो. स्कॅनरला निकालासाठी थांबायची सेटिंग आहे, जेनकिन्समध्ये त्यासाठी वेगळी पायरी आहे. ती घाला. आणि घातल्यावर मुद्दाम एक वाईट बदल करून बघा, खरंच अडतं का ते. कधीही न वाजवलेल्या फायर अलार्मवर मी तरी विश्वास ठेवत नाही. :)

पैशाचंही बोलू. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची सोनारक्यूबची फुकट आवृत्ती फक्त मुख्य ब्रँच बघते. तिथे पुल रिक्वेस्टवर स्कॅन हवा असेल तर पैसे मोजावे लागतात. कंपनी मोजत नसेल तर हातपाय गाळू नका. बदललेल्या फाइलींवर ईएसलिंट, जावासाठी एरर प्रोन, पायथनसाठी रफ, आणि कंपायलरच्या वॉर्निंगना एरर मानायची सेटिंग, एवढ्यावरही बरंच काम होतं. पुल रिक्वेस्टवर चालणारं साधं साधन मला मर्जनंतर चालणाऱ्या महागड्या साधनापेक्षा कधीही चालेल.

आकडे आणि अप्रेझल

आता खरं दुखणं. १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने पतधोरणाबद्दल बोलताना एक निरीक्षण मांडलं होतं. त्याचा मथितार्थ असा की एखाद्या मोजमापावर नियंत्रणासाठी भार टाकला, की ते भरवशाचं राहत नाही. हे वाचताना मला दर वेळी सॉफ्टवेअर कंपन्या आठवतात.

एका प्रोजेक्टमध्ये मी हे जवळून बघितलंय. कव्हरेजचा आकडा मॅनेजरांच्या उद्दिष्टांमध्ये गेला आणि चमत्कार झाला: दोन महिन्यांत आलेख आभाळाला. टेस्ट उघडून बघितल्या तर त्या फंक्शनला बोलावत होत्या आणि आलेल्या उत्तराकडे पाठ फिरवत होत्या. एकाही ठिकाणी असर्शन नाही. प्रत्येक ओळ चालत होती, तपासली एकही जात नव्हती. लिहिणारी पोरं लबाड नव्हती बरं का. त्यांना जे मागितलं ते त्यांनी दिलं.

त्याहून वाईट म्हणजे 'कुणाचे इश्यू जास्त' ही यादी. ब्लेमवरून नावं काढणं सोपं आहे, म्हणून काही ठिकाणी ती भिंतीवर लागते. पण जास्त इश्यू कुणाच्या नावावर? जो सगळ्यात अवघड, सगळ्यात जुन्या मोड्यूलमध्ये हात घालतो त्याच्या. ज्याने नुसत्या ओळी इकडून तिकडे हलवल्या त्याच्या. आणि नव्याने आलेल्या पोराच्या, जो अजून शिकतोय. अशी यादी लागली की शहाणी माणसं अवघड मोड्यूलपासून चार हात लांब राहतात. तुम्ही मोजायला गेलात दर्जा आणि शिक्षा झाली धाडसाला.

म्हणून माझा आग्रह असा की गेटचे नियम टीमने ठरवावेत, टीमनेच बदलावेत, आणि माणसागणिक आकडे कुणाच्याही टेबलावर जाऊ नयेत. मॅनेजरला हवं तर एवढंच सांगा: गेट चालू आहे का, आणि गेल्या महिन्यात किती वेळा बाजूला सारून मर्ज केलं. दुसरा आकडा मॅनेजरच्याच वागण्याबद्दल बरंच काही सांगतो.

यंत्राच्या मर्यादा

हे सगळं केलं म्हणजे कोड निर्दोष झाला का? छे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक जगासमोर आली. कव्हेरिटीसारख्या नावाजलेल्या साधनालाही ती आधी सापडली नव्हती. तशी चूक पकडायची युक्ती त्यात नंतर घातली गेली. यंत्राला नमुने कळतात. 'हा डिस्काउंट दोनदा लागतोय' किंवा 'मुळात हे फीचर असं हवंच नव्हतं' हे त्याला कळत नाही. ते काम रिव्ह्यू करणाऱ्या माणसाचं.

आणि मला वाटतं, स्कॅनचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. पुल रिक्वेस्टवर 'इथे नल तपास', 'हे व्हेरिएबल वापरलंच नाही' असल्या शेऱ्यांत सीनिअरचा वेळ जातो आणि ज्युनिअरचा उत्साह. तेच शेरे यंत्राने मारले तर कुणाला लागत नाही. यंत्रावर कोण रुसणार? मग माणसांना माणसांसारखं बोलायला वेळ उरतो: ही रचना का निवडलीस, उद्या गर्दी दहापट झाली तर काय होईल. नवीन पोरं शिकतात ती या बोलण्यातून. आता एआयने लिहून दिलेला कोड भराभर रिव्ह्यूला येऊन पडतो, तेव्हा तर हा वेळ आणखीच मोलाचा झालाय. वाचणाऱ्याचे डोळे तेवढेच आहेत, वाचायचं मात्र वाढलंय.

असो. सोमवारी एवढंच करा. आपल्या पाइपलाइनमधला स्कॅन उघडा आणि बघा की शेवटचा बिल्ड त्याने कधी अडवला होता. कुणालाच आठवत नसेल तर दोनपैकी एक शक्यता आहे: तुमची टीम अजिबात चुकत नाही, किंवा तुमचा स्कॅन झोपलाय. पहिली शक्यता असेल तर अभिनंदन, आणि तुमच्याकडे जागा आहे का तेही कळवा!